काट्यावर उभी माणसं

हातात माइक आला की गिरधरला पहिलं वाक्य नेहमी छापील सुचायचं, आणि त्या दिवशी तेच नडलं.

धुळ्याच्या धान्यबाजारात कचेरीच्या गच्चीवर एक भोंगा होता. सकाळी त्याच्यावरून भाव सांगत, दुपारी कोणाचा हरवलेला गोऱ्हा किंवा सापडलेली पिशवी सांगत, आणि वर्षातून चार-दोनदा बाजारातलं कोणी गेल्याची बातमी सांगत. ती बातमी आली की लिलाव जिथल्या तिथे थांबायचा. काट्यांची पारडी उचलून साखळ्या वर अडकवल्या जायच्या आणि त्या दिवसापुरता बाजार बंद. गेलेला माणूस अडत्या असो की हमाल, यात फरक नव्हता. बाकी सगळ्या बाबतींत होता.

गिरधर आला होता रक्त मागायला. त्याच्या वडिलांचं, अभिमन मापाडी यांचं, मुंबईला बायपासचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि तिथल्या दवाखान्यानं सांगितलं होतं की तारखेच्या आधी आठ माणसं रक्त द्यायला आणा, नाहीतर तारीख पुढच्या पेशंटला जाईल. एकेका माणसापुढे हात पसरण्यापेक्षा एकदाच भोंग्यावरून सांगावं, असं गिरधरनं ठरवलं. शाळेत वक्तृत्वाचे दोन कप मिळवलेले. आता देवपुरात दोन खोल्यांत शिकवणी चालवायचा. आवाजाबद्दल त्याची स्वतःची चांगली समजूत होती. कचेरीतल्या कारकुनानं माइक दिला आणि तो चहाला गेला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की," गिरधरनं सुरुवात केली, "आपल्या बाजारातील ज्येष्ठ मापाडी श्री. अभिमन दगा पाटील यांच्या हृदयाच्या..."

पुढे 'शस्त्रक्रियेसाठी रक्तदात्यांची नितांत आवश्यकता आहे' असं चांगलं घोटीव वाक्य होतं. 'नितांत'वर जोर द्यायचा होता. त्यानं तो दिलाही. पण 'दुःख' म्हणताच पहिल्या शेडमधल्या साखळ्या खळखळल्या होत्या, आणि 'पाटील'पर्यंत येता येता सगळ्या बाजारानं डोक्यावरच्या टोप्या हातात घेतल्या होत्या. 'नितांत' कोणी ऐकला असेल तर कबुतरांनी.

त्या वेळी खुद्द अभिमन मापाडी शेवटच्या शेडमध्ये, शेंगांच्या ढिगाशेजारी उभे होते. तिथवर भोंग्याचा आवाज जायचा, शब्द जायचे नाहीत. लोक टोप्या काढताहेत म्हटल्यावर त्यांनीही काढली, डोळे मिटले, कोण असेल त्याच्यासाठी हात जोडले, आणि मग शेजारच्या शेतकऱ्याला हळूच विचारलं, "कोन गया रे भो?"

तो शेतकरी साक्रीकडचा, पुना नावाचा. बाजारात नवखा; पुढच्या शेडमधून तोंडोतोंडी आलेलं तेवढंच त्याच्या कानी पडलं होतं. "कोनी अभिमन मापाडी शे म्हने. हृदयनं काही तरी व्हयनं."

"अरे अरे," अभिमन म्हणाले, आणि टोपी डोक्याकडे नेता नेता तिथेच थांबले.

एवढ्यात जब्बार मुकादम धावत आला. हमालांच्या टोळीचा प्रमुख; दारातून आत येताना आडवं व्हावं लागेल असा गडी. रडत रडत तो प्रेत शोधत होता. समोर प्रेत टोपी हातात घेऊन उभं. जब्बारनं त्यांना मिठी मारली, मग दूर ढकललं, मग पुन्हा मिठी मारली, आणि पुनाच्या शेंगांच्या ढिगावर मटकन बसला.

अभिमन कचेरीत आले तेव्हा गिरधर अजून माइकपाशीच होता.

"मी मरी गऊ का रे?"

"आबा, लोकांनी वाक्य पूर्ण होऊ द्यायला नको का!" घाबरला की गिरधर घरातही पुस्तकी बोलायचा.

"पुरं कर मंग."

त्यानं पुरं केलं. अभिमन ऐकत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "म्हंजे मन्ही छातीमा काय शे ते बठ्ठा बजारले माहीत. फक्त मालेच नही."

खरं होतं. त्यांना गॅस सांगितला होता. छातीत कळ आली तोही गॅस, मुंबईला नेऊन मांडीतून नळी घातली तीही गॅसची तपासणी. गिरधर आणि त्याची आई यशोदाबाई, दोघांनी मिळून हा गॅस महिनाभर पुरवला होता. अभिमन यांनी फक्त एकदा विचारलं होतं, की गॅस पोटात आणि नळी मांडीत, हे कसं? त्यावर गिरधरनं 'रक्ताभिसरण' या विषयावर छोटंसं भाषण दिलं होतं.

आता खरी पंचाईत वेगळीच झाली. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर लिलाव पुन्हा सुरू करावा, असं व्यापारी म्हणू लागले. आडवे आले ते अभिमनच. एकदा साखळी वर गेली की त्या दिवशी खाली येत नाही. त्यांच्या उभ्या हयातीत आली नव्हती. आज त्यांच्यासाठी आली तर उद्या कोणा हमालासाठी वर जायचीच नाही. कारकुनानं नियमांचं पुस्तक चाळून पाहिलं. त्यात मेलेला माणूस स्वतः हजर राहून तक्रार करतो तेव्हा काय करायचं, ते नव्हतं. बाजार बंद राहिला.

लांबून आलेल्या गाड्या अडकल्या. त्याची लाज अभिमनना स्वतःच्या छातीपेक्षा जास्त वाटली. त्यांनी देवपुरातल्या घरी निरोप धाडला, आणि संध्याकाळी यशोदाबाई आणि गल्लीतल्या बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि वरण घेऊन बाजारात आल्या. शेतकरी संकोचले. ज्या घरच्या माणसाची बातमी सकाळी ऐकली त्या घरचं संध्याकाळी कसं जेवायचं?

"खा भाऊ, खा," यशोदाबाई भाकर वाढत म्हणाल्या. "गंधमुक्तीनं, तेराव्यानं जेवन नही शे हाई. मानूस जित्ता शे मन्हा. तो देखा, ठेचा खाई ऱ्हायना. डागतरनी ना सांगेल शे तरी."

अभिमननी ठेचा खाली ठेवला. तो त्यांनी खाल्लेला शेवटचा ठेचा.

अभिमन दगा पाटील हे मोठे गृहस्थ होते असं नाही. बाजारातले मापाडी. तरुणपणी लाकडी पायलीनं धान्य मापायचे. पायली गेली, काटा आला, पण नाव मापाडीच राहिलं. शेतकऱ्याचं पोतं पारड्यात चढलं की वजन पुकारायचं आणि मोजणी चालू ठेवायची, हे काम. मोजणीची सुरुवात 'एक'नं होत नाही, 'लाभ'नं होते. लाभ, दोन, तीन, चार. अभिमन घरी भाकरीसुद्धा तशाच मोजायचे. त्यामुळे गिरधर पहिलीत गेला तेव्हा गुरुजींनी अंक म्हणायला उभं केल्यावर त्यानंही 'लाभ'पासून सुरुवात केली आणि वर्ग हसला. गुरुजींनी छडी दिली. अभिमन दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्हनाबी बरोबर शे. पन तुम्ही मोजतस त्यामा कोनाले काय भेटस?" तरी घरी येऊन अभिमननी गिरधरला 'एक' म्हणायला लावलंच.

त्यांचा आवाज उंच आणि सरळ होता, सुराला कुठे वळण नाही. शेतकरी दहा पावलांवर बिडी ओढत बसला असला तरी त्याला आपल्या पोत्याचा आकडा ऐकू जायचा. आवाज चढवून एखादा किलो इकडचा तिकडे करणारे मापाडीही बाजारात होते. अभिमन यांच्या काट्यावर गाडी लागावी म्हणून शेतकरी थांबून राहायचे, आणि व्यापारी त्यांना 'सोन्याचा मापाडी' म्हणून चिडवायचे. दुपारी ते शेडच्या खांबाला टेकून डुलकी घ्यायचे, तेव्हाही ओठ हलायचे. जब्बार म्हणायचा, झोपमाबी भुईमूग मोजस हाऊ मानूस.

तर या माणसानं ऑपरेशनला नाही म्हटलं नाही. उलट मुंबईच्या डॉक्टरनं गिरधरला कागदावर काढून दिलेलं हृदय त्यांनी नीट पाहिलं, तीन ठिकाणच्या फुल्या पाहिल्या आणि म्हणाले, "रस्ता बंद शे तर दुसरा काढाना पडी. त्यामा काय?" अडलं रक्तावर. टोळीतली माणसं देतो, असं जब्बार म्हणाला होता.

"हमालसनं रगत माले नको."

"का पण, आबा?"

"तो पोतं उचलस तवय तेना घरमा चूल पेटस. रगत मी लिसू आनि पोतं कोन उचली?"

गिरधरनं विज्ञान सांगितलं. रक्त पुन्हा तयार होतं, काही दिवसांत भरून येतं. अभिमननी शांतपणे ऐकून घेतलं. विज्ञानाचा अनुभव त्यांना गॅसमध्ये आला होता.

मग गिरधर गावाकडच्या नातेवाइकांकडे वळला. जीपमध्ये न मावणारं वऱ्हाड ज्या भाऊबंदांतून निघतं, त्यांच्यातून आठ माणसं निघायला काय हरकत होती? पण रक्ताचं नाव काढलं आणि गावात जणू साथ आली. थोरल्या काकांना त्याच दिवसापासून चक्कर सुरू झाली. मधल्या काकांचा चातुर्मास निघाला. एका चुलतभावाची बायको माहेरी गेली होती आणि तिला विचारल्याशिवाय त्याला रक्त देता येत नव्हतं. एरवी तो तिला विचारून पाणीही प्यायचा नाही. दुसरा म्हणाला, मी देतो, पण माझं रक्त फार गरम आहे, आबांना सोसायचं नाही. गिरधर गावाहून परतला तेव्हा यादीत एकच नाव होतं आणि ते त्याचं स्वतःचं. यशोदाबाई म्हणाल्या, मन्हं ल्या. दवाखान्यात बायकांचंही घेतात हे खरं, पण त्या इतक्या बारीक की धुळ्याच्या डॉक्टरनं पाहूनच मान हलवली.

तारीख जवळ आली. रात्री अभिमनना उशी उंच केल्याशिवाय झोप लागेना. पांझरेच्या पुलावरून ते पायी बाजारात जायचे, ते आता पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून पाणी बघत असल्यासारखं दाखवायचे. नदीत पाणी नसायचं.

शेवटी एका सकाळी जब्बारच टोळी घेऊन त्यांच्या काट्यापाशी आला. सगळे खाली मान घालून. खरं तर टोळीही घाबरलेली होती. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी माणसं, पण सुईचं नाव काढलं की एकेकाचा चेहरा गव्हाच्या कोंड्यासारखा व्हायचा. रक्त दिलं की कंबर कायमची जाते, असं कोणीतरी सांगून ठेवलं होतं.

"तुम्ही मापाडी शेतस का डागतर?" जब्बारनं विचारलं.

"मापाडी."

"मंग तुम्हनं काम तोलानं. कोन रगत देवाले जाई आनि कोन नही, हाई तुम्ही कोन ठरावनारा? तोला आमले. कोनामा देवाजोगं शे ते काटा सांगी."

कोणी काट्याचं नाव घेऊन आव्हान दिलं की अभिमन यांच्यानं राहवायचं नाही, हे जब्बारला पंचवीस वर्षांच्या सहवासातून ठाऊक होतं. त्यांनी पारडं हातानं पुसलं. साखळी हलवून काटा मोकळा खेळतो का ते पाहिलं. म्हणाले, "चढा."

पहिला चढला तो गडी कमरेला रुमाल आणि खिशात तंबाखूची डबी घेऊन. अभिमननी लोखंडी मापं चढवली, काटा स्थिरावू दिला आणि त्या सरळ आवाजात पुकारलं, "लाभ! एकसष्ट." मग म्हणाले, "कडता काप." पोत्याच्या आणि कचऱ्याच्या वजनापोटी बाजारात जी कपात करतात, तिला कडता म्हणतात. "डबी, रुमाल, आनि सकायले काय खादं?"

"बट्टी, आबा."

"कितल्या?"

"पाच."

"दोन किलो कडता. एकोनसाठ. चालस. दुसरा!"

दुसरा पास झाला. तिसरा चढला तो भिका. उंच, काटक, टोळीत सगळ्यात वेगानं पोती टाकणारा. अभिमननी काटा पाहिला, त्याच्या डोळ्यांखालचं पाहिलं, नखं पाहिली. "उतर. माल हलका शे."

"हलका?" भिकाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "आबा, मी हलका? कालदिन मी..."

"वाळेल शे तू. उतर. घर जाईसन दूध पे."

शेडमध्ये हशा पिकला. आणि इथून चित्र पालटलं. आतापर्यंत जो तो खांबाआड होता. आता नापास व्हायची भीती सुईच्या भीतीहून मोठी झाली. शेजारच्या टोळीतले आले. एक जण शर्टाच्या खिशात दगड घालून चढला आणि पकडला गेला. दुसरा चढायच्या आधी नळाला तोंड लावून पोटभर पाणी पिऊन आला. अभिमन म्हणाले, "वला माल," आणि त्याला बाजूला बसवला. भाईदासशेठ अडते गादीवरून हे बघत होते. त्यांनाही राहवेना. ते चढले तर काटाच टेकला.

"शेठ, तुम्हनं वजन चांगलं शे," अभिमन म्हणाले, "पन त्यामा माल कितला आनि तूप कितलं, ते सांगता येत नही."

शेठ हसत उतरले आणि म्हणाले, मुंबईला माझा मिरचीचा ट्रक जातोय, त्यात माणसं पाठवा.

शेवटी गर्दीतून एक पागोटं पुढे आलं. साक्रीचा पुना, दुसरी गाडी घेऊन आलेला. "मापाडीभाऊ, तुम्हनामुळे मन्ही गाडी त्या दिन आठे अडकनी. आते माले तोला."

"तू काब्र? तुन्हा काय संबंध?"

"मन्हासमोर टोपी काढी ना तुम्ही. मीबी पागोटं काढं व्हतं. ते फुकट गयं का?"

अभिमननी त्याला तोलला. सहा माणसं टोळीतली, सातवा पुना, आठवा गिरधर. जब्बार टोळीत धरलेलाच होता. त्याच्या वजनाला मापं कमी पडली आणि बाजूच्या काट्यावरून आणावी लागली. निवडलेली माणसं दिवसभर ताठ चालत होती. भिका घरी जाऊन दूध प्यायला की नाही माहीत नाही, पण आठवडाभर त्यानं अभिमनकडे पाहिलं नाही.

अभिमन, यशोदाबाई आणि गिरधर एस.टी.नं पुढे गेले. माणसं मागून मिरचीच्या ट्रकमध्ये निघाली. दोंडाईचाची मिरची, वरून ताडपत्री, ताडपत्रीवर माणसं. कसारा घाटातल्या वाऱ्यानं पोत्यांतलं जे काही होतं ते सगळं त्यांच्या नाकाडोळ्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या रक्तपेढीत पोहोचली तेव्हा प्रत्येकाचे डोळे लालबुंद, नाकं वाहणारी, आणि एक शिंकला की सगळे शिंकायचे. नर्स दोन पावलं मागे सरकली.

"सर्दी असलेल्यांचं रक्त आम्ही घेत नाही."

"सर्दी नाही, मिरची आहे," गिरधर म्हणाला.

"काय?"

एवढ्यात नर्सलाच शिंक आली. मग तिच्या मागच्या डॉक्टरला. पुढचा खुलासा करावा लागला नाही. माणसांना अंगणातल्या नळाखाली बसवून धुऊन काढलं, शर्ट उलटे करून झटकले, आणि दुपारपर्यंत सावलीत वाळत घातलं. मग एकेकाला आत घेतलं. पुना टेबलावर आडवा पडून छताकडे बघत राहिला आणि झाल्यावर म्हणाला, "व्हयनं का? मुंगी चावनी म्हनजे यानापेक्षा जास्ती लागस." बाहेर येणाऱ्याला चहा आणि बिस्किटाचा पुडा मिळत होता. चहा सगळ्यांनी प्यायला. बिस्किटं कोणी खाल्ली नाहीत. घरी दाखवायला पुरावा हवा होता.

सगळ्यात शेवटी जब्बार आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याच्या मागे नर्स. "यांचं प्रेशर फार आहे. दोनदा घेतलं. यांनाच औषध सुरू करा."

जब्बारला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याला कधी कोणी तपासलं नव्हतं. तो पायऱ्यांवर जाऊन बसला. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर त्याच्या शेजारी आणखी दोघांना जागा झाली. "अभिमनभाऊनी पास करं व्हतं माले," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "काट्यानी पास करं व्हतं."

एक बाटली कमी पडली. रक्तपेढीच्या खिडकीतला माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे रांग होती. म्हणाला, संध्याकाळपर्यंत एक माणूस आणा, नाहीतर उद्याची तारीख मला पुढच्याला द्यावी लागेल. गिरधरनं स्वतःचा दंड पुढे केला. त्यावरचा कापूस अजून ओला होता. खिडकीतल्यानं मान हलवली. मुंबईत ओळखीचं कोणी नाही. धुळ्याला निरोप पोहोचून माणूस यायला दुसरा दिवस उजाडणार. वर वॉर्डात अभिमन यांची छाती दाढी केल्यासारखी गुळगुळीत करून ठेवली होती आणि ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भुईमुगाचे भाव विचारत होते.

यशोदाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून स्वतःशीच बोलत होत्या, "आते कोनले सांगू व माय, कथा जाऊ..." तर समोरून डबा घेऊन चाललेला एक माणूस थांबला.

"कोनतं गाव व माय?"

यशोदाबाईंनी वर पाहिलं. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखं बोललं होतं. तो निंबा. जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बायको बेबाबाई, तिच्या हृदयाची झडप खराब. ती खालच्या वॉर्डात होती आणि तिची तारीख अजून लागायची होती. त्यानं डबा यशोदाबाईंच्या हातात दिला आणि बाह्या सरसावत विचारलं, "खिडकी कोनती?"

तो आत जाऊन आला, चहा प्यायला आणि बिस्किटाचा पुडा त्यानं बायकोच्या डब्यावर ठेवला. गिरधरनं आभाराचं छापील वाक्य सुरू केलं. "आम्ही आपले अत्यंत..."

"हिनी तारीख लागनी म्हनजे एक बाटली तुम्ही द्या," निंबा म्हणाला. "मंग झायं. मिटनं."

"नक्की. शब्द दिला."

आणि गिरधर वर धावला. नाव ऐकलं होतं, जळगाव ऐकलं होतं, जिनिंग ऐकलं होतं. तेवढं पुरेसं वाटलं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार उलटून गेली तरी चाललं होतं. टोळी परत गेली नव्हती. व्हरांड्यात ओळीनं बसली होती. पुना पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. जब्बारनं नमाजाला कुठे जागा आहे ते विचारून घेतलं आणि जाऊन आला. यशोदाबाई प्रत्येक पांढऱ्या कोटाकडे बघून उठायच्या आणि बसायच्या. शेवटी एक कोट खरंच त्यांच्यापाशी थांबला आणि म्हणाला, झालं. चांगलं झालं. त्या खाली बसल्या आणि मग कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवशी अभिमन बोलण्याइतके झाले. छातीवरचा लांब टाका त्यांनी हनुवटी वाकवून तपासला. पोती शिवणारे हमाल त्यांच्या नजरेखाली वाढलेले. "टाका बरा शे," म्हणाले, "पन सुतळी बारीक वापरी." पायाची नस काढून छातीत बसवली हे कळल्यावर म्हणाले, "म्हंजे आते चालताना छातीबी चाली." मग विचारलं, जब्बारचं काय झालं. ऐकून घेतलं. "काटा वजन सांगस. आतलं सांगत नही," एवढंच म्हणाले. धुळ्याला गेल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर जब्बारला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

मग त्यांनी आठव्या माणसाची चौकशी केली. "कोन? पुरं नाव काय? जिनिंग कोनती?"

"निंबा. जळगावला, जिनिंगमध्ये," गिरधर म्हणाला.

"अरे, जळगावमा जिनिंग काय एक शे?"

गिरधर खालच्या वॉर्डात धावला. बेबाबाईची खाट रिकामी होती. तारखेला अवकाश होता म्हणून तिला घरी पाठवलं होतं. नर्सला घाई होती, आणि त्या वॉर्डात बेबाबाई दोन होत्या.

अभिमन बाजारात परतले ते कापूस निघायच्या सुमारास. उचलायचं काही नाही, नुसतं बसून पुकारायचं. आवाज पूर्वीइतका उंच जात नसे. शेतकरी बिडी टाकून जवळ येऊन उभे राहायचे. कोणी जळगावकडचा आला की अभिमन मोजणी थांबवून विचारायचे, निंबा नावाचा, जिनिंगमध्ये, बायकोच्या झडपेचं ऑपरेशन. त्यांना वाटायचं, निंबाच कधीतरी येईल. धुळ्यात मापाडी विचारला तर कोणीही बोट दाखवेल. निंबा आला नाही. बेबाबाईची तारीख लागली की नाही, लागली तर बाटली कोणी दिली, हे कळलं नाही.

वर्षातून एकदा कापसाच्या दिवसांत ते गिरधरला जळगावला पाठवायचे. तो एकेका जिनिंगच्या फाटकावर जाऊन विचारायचा. सरकीच्या वासानं डोकं धरायचं, अंगाला कापसाचे तंतू चिकटायचे. एका फाटकावरचा रखवालदार म्हणाला, होता एक निंबा, सुरतेला गेला. दुसरा म्हणाला, निंबे चार आहेत, कोणता पाहिजे? चौघांना भेटला; चौघांच्याही बायका ठणठणीत होत्या, आणि त्यातली एक अंगावर धावून आली. मुंबईच्या त्या खिडकीवर जाऊन बाटली देऊन यावी, असंही गिरधरनं एकदा सुचवलं. अभिमन म्हणाले, "दे ना. रोज दे. पन ती तेना खात्यामा कशी पडी? तो तर जळगावले शे." गिरधरनं दिली तरीही, दोन-तीनदा, धुळ्यातच. घरी सांगितलं नाही. हिशेबात धरली जाणार नव्हती.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट, ऑपरेशनला बरीच वर्षं उलटून गेल्यावरची. बाजारात विजेचे काटे आले होते, आकडा लाल दिव्यांत दिसायचा, पुकारायची गरज उरली नव्हती. अभिमन देवपुरातल्या घरी ओट्यावर बसून असायचे. गिरधर जळगावहून संध्याकाळच्या एस.टी.नं उतरला तो हातात केळीची फणी घेऊन. त्याचे केस कानापाशी पांढरे होऊ लागले होते.

"भेटना का?"

"नाही, आबा."

अभिमननी एक केळं सोललं, अर्धं खाल्लं. "पुढला खेपले भुसावळबी देखी ये. तेनी बायकोनं माहेर तिकडे व्हतं, असं तुन्ही माय म्हनत व्हती."

"आबा, त्याच्या लक्षात तरी असेल का?"

"तेना ध्यानमा नसी," अभिमन म्हणाले, आणि उरलेलं केळं त्याच्या हातात दिलं. "शब्द कोनी दिधा व्हता? भुसावळले सकायनी गाडीनं जाय. दुपारले उन लागस."